सत्तावीस नंबरच्या झंड्या

१. घटनेची तारीख आणि जागा

मंगळवार, १३ मे. कापेल आन डेन आयसेल. सत्तावीस नंबरच्या घराची मागची बाग.

इतकं डचमध्येही लिहिता आलं असतं. पण फॉर्ममध्ये तेरा प्रश्न आहेत, आणि पुढचे प्रश्न डचमध्ये वाचले की उत्तरंही तशीच सुचतात: आखूड, स्वच्छ, कुणाचीच नसलेली. म्हणून आधी मराठीत लिहितेय. आज रविवार. उद्या सकाळी नऊच्या आत फॉर्म माझ्या मॅनेजरकडे, योलांदाकडे जायला हवा. त्याची एक प्रत तक्रार करणाऱ्या भाडेकरूला जाते. नियम आहे.

२. तुमचं नाव आणि काम

इरावती. वय अठ्ठावीस. डेल्फ्टला बांधकामातलं मास्टर्स केलं. वर्षभरापासून कमी भाड्याची घरं सांभाळणाऱ्या एका संस्थेत आहे. आईला वाटतं मी घरं बांधते. मी कुंपणं बदलते.

माझा करार एकतीस तारखेला संपतो. तो वाढवायचा की नाही याची मीटिंग बुधवारी आहे. वाढला तर परमिट वाढेल. नाही वाढला तर दुसरी नोकरी शोधायला तीन महिने, मग पुणे.

(शेवटचा परिच्छेद फॉर्ममध्ये जाणार नाही. पण तो प्रत्येक उत्तराच्या खाली आहे.)

३. कामाचं स्वरूप

एका ओळीतली एकतीस घरं. मागच्या बागांमधली कुंपणं चाळीस वर्षांची झाली होती. लाकडी खांब मातीपाशी कुजलेले. हिवाळ्यातल्या वादळात दोन कुंपणं आडवी झाली आणि तीन आठवडे दोन कुटुंबं एकमेकांची न्याहारी बघत बसली. आता काँक्रीटचे खांब आणि नव्या फळ्या.

काम सुरू होण्याआधी कुंपणाच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटर जागा मोकळी लागते. ती भाडेकरूने करायची. ज्याला जमत नाही त्याने कागदावर सही करायची, मग आमची माणसं करतात. आदल्या दिवशी मी प्रत्येक बागेत जाऊन जुन्या खांबाला फीत बांधते. हिरवी म्हणजे सुरू करा. लाल म्हणजे थांबा.

सत्तावीस नंबरला मी हिरवी बांधली.

४. भाडेकरूची लेखी संमती होती का?

होती. श्रीमती धनमती रामखेलावन, वय एकोणऐंशी. पन्नास वर्षांपूर्वी सुरिनामहून आल्या. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. ऑफिसात त्यांच्या फाइलवर कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘डच येतं, पण बोलत नाही.’ योलांदा म्हणाली, “तू जा. तुमचं जमेल.”

जमलं. त्या त्यांच्या सरनामीत, म्हणजे सुरिनामला नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांच्या बोलीत बोलायच्या, मी माझ्या सिनेमातल्या हिंदीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला अगं-तुगं केलं आणि मी त्यांना आजी म्हणायला लागले.

“मला वाकता येत नाही, बेटी,” आजी म्हणाल्या. “तुमची माणसं काढतील तर काढू दे. गुलाब काढा. ती निळी फुलं काढा. कोंबडी काढा.”

“कोंबडी?”

“दगडाची. वीस वर्षांत एक अंडं दिलं नाही. निदान जागा तरी देईल.”

मी हसत हसत यादी केली. त्यांनी सही केली. कामाच्या दिवसांत त्या लेकीकडे, शांतीकडे, हेगला राहणार होत्या. आवाज नको म्हणून. निघताना मी बागेत उभी होते. माझ्या डाव्या हाताला, कुंपणाला अगदी लागून, सात झंड्या होत्या. आजींनी झंड्यांचं नाव काढलं नाही. मी विचारलं नाही.

५. काय काढण्यात आलं?

गुलाब, दोन झाडं. निळी फुलं, एक झुडूप. दगडी कोंबडी. हे सगळं परत जागेवर आहे.

बांबूच्या काठ्या, सात. कापडी झेंड्यांसह. हे नाही.

(डचमध्ये इथे समजावून लिहायला लागेल: सुरिनामी हिंदूंच्या घरी पूजा झाली की बागेत बांबू रोवतात आणि त्याला रंगीत झेंडा बांधतात. त्याला झंडी म्हणतात. लाल हनुमानाची. बाकीच्या रंगांचे देव मला आजही नीट माहीत नाहीत. त्या दिवशी मात्र मला सगळं माहीत होतं.)

६. काढताना कोण हजर होतं?

मी आणि मारेक.

मारेक पोलंडचा. पन्नाशीचा. एजन्सीकडून आलेला. त्याचं काम एजन्सीचं आणि ज्या खोलीत तो झोपतो तिथली खाटही एजन्सीची. काम गेलं की खाट जाते. एकमेकांशी आम्ही मोडक्या इंग्रजीत बोलतो. मंगळवारी सकाळी पावणेआठला तो झंड्यांपाशी उभा होता. टोपी काढलेली.

“मॅडम. हे?”

“हे पण काढायचं.”

“हे चर्चसारखं दिसतंय.”

“तसंच आहे. पण जुनं झालंय. बघ ना, रंग उडालेत, चिंध्या झाल्यात. आमच्यात असं ठेवत नाहीत.”

“आमच्यात म्हणजे?”

“हिंदूंमध्ये. जीर्ण झालं की पाण्यात सोडतात. मला माहीत आहे.”

तो गुलाबाकडे गेला. मुळं मातीसकट काढून ओल्या पोत्यात गुंडाळली. मग परत आला.

“म्हातारीला फोन करू या?”

“अरे, एकाहत्तर मीटर कुंपण आज संपवायचंय. मी सांगतेय ना.”

म्हणजे त्याने दोनदा विचारलं. हे इथे लिहायला हवं. दोनदा.

७. काढायला कोणी सांगितलं?

नंतर.

८. काढलेल्या वस्तू आता कुठे आहेत?

हॉलंडसे आयसेल नदीत.

मारेक त्या कचऱ्याच्या कंटेनरकडे नेत होता. मी ओरडले, “तिथे नको!” मला भयंकर वाटलं होतं: देवाची वस्तू आणि फुटक्या फळ्यांच्या ढिगात? मी ऑफिसची बाकफिट्स मागवली. पुढे मोठा लाकडी खोका असलेली सायकल. एरवी आम्ही तिच्यातून टाइल्सचे नमुने नेतो. बांबू खोक्यात मावेनात. मारेकला म्हटलं, मधोमध काप. त्याने माझ्याकडे बघितलं आणि कापले.

दुपारी साडेचारला मी नदीवर गेले. संस्थेचं नाव रंगवलेली सायकल, त्यात चौदा तुकडे. बांधावर एक माणूस कुत्रा फिरवत होता, त्याला वाटलं मी कचरा टाकतेय. मी बूट-मोजे काढले. दगडांवरून उतरून एकेक तुकडा सोडला. लाल कापड काठीभोवती गुंडाळलं गेलं होतं, ते सोडवलं आणि वेगळं सोडलं. हात जोडले. लहानपणापासून गणपतीला जे म्हणतात तेच म्हणाले. पाणी थंड होतं, पावलं बधिर झाली.

परत येताना मला फार बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर, या देशात आल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आपल्याला येणारी गोष्ट इथे कुणाच्या तरी उपयोगी पडली, असं.

(हे सगळं खोडायचं. फक्त ‘नदीत’.)

७. काढायला कोणी सांगितलं? (पहिला प्रयत्न)

‘कुंपणालगतची जागा मोकळी करण्याच्या सर्वसाधारण सूचनेनुसार कामगाराने त्या वस्तू काढल्या.’

हे वाक्य माझं नाही. योलांदाचं आहे. गुरुवारी आजी परत आल्या. शुक्रवारी सकाळी शांतीची तक्रार आली: तुमच्या माणसांनी माझ्या आईचं देवघर उपटून फेकलं. दुपारी योलांदाने मला काचेच्या खोलीत बसवलं आणि स्वतः कॉफी आणून दिली. त्यावरूनच काहीतरी गंभीर आहे हे कळलं.

“मारेक म्हणतो तू सांगितलंस.”

मी कॉफीत साखर ढवळली.

“त्याचं इंग्रजी मला माहीत आहे,” ती म्हणाली. “आणि तू स्वतः हिंदू आहेस. तू असं सांगशील हे कुणालाही पटणार नाही. मला तर नाहीच. त्याने चुकीचं समजून घेतलं असणार, हो ना?”

तिने ते प्रेमाने विचारलं. मी ‘हो’ म्हटलं नाही. ‘नाही’ही म्हटलं नाही. कॉफी प्यायले. योलांदाने वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, “मग फॉर्म भर. सोपा आहे.”

९. घटनेनंतर भाडेकरूशी बोलणं झालं का?

झालं. काल, शनिवारी. मी आपण होऊन गेले. खरं सांगायलाच गेले होते.

आजींनी मला बागेत नेलं. नव्या लाकडाचा वास येत होता. कुंपण सरळ रेषेत, एकही फळी खालीवर नाही. त्याच्या पायथ्याशी माती सपाट केलेली. आजी काठीच्या टोकाने जागा दाखवत गेल्या.

“ही शांतीच्या लग्नाची. ही नातू झाला तेव्हाची. ही मी दवाखान्यातून आले तेव्हाची. आणि ही त्यांची.”

“त्यांची?”

“नवऱ्याची. शेवटची पूजा. खुर्चीत बसून रोवली त्यांनी. मी म्हटलं, मी रोवते, तर म्हणाले, तू वाकडी रोवशील.” त्या थांबल्या. “वाकडीच रोवली होती त्यांनी.”

“पण आजी, ती जुनी झाली होती ना? कापड सगळं…”

“मग? माणूस जुना झाला म्हणून उपटतात का? झंडी आपली आपण पडते, बेटी. वाऱ्याने पडते, कुजून पडते. तिला हात लावायचा नसतो. ती पडेपर्यंत पूजा चालू असते.”

मला हे माहीत नव्हतं. आमच्यात देव दीड दिवसांत, पाच दिवसांत, दहा दिवसांत निरोप घेतो. निरोप देणं हीच पूजा. देव असा वर्षानुवर्षं उन्हापावसात विरत उभा राहतो, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

“चार वर्षं उभी होती,” आजी म्हणाल्या. “रोज सकाळी पडदा सरकवला की बघायची, आहे का. कुणी उपटल्या?”

हाच तो क्षण. त्या माझ्याकडे बघत होत्या. शेजारच्या बागेत कुणीतरी रेडिओ लावला होता.

“कामगारांनी,” मी म्हणाले.

“तो पोलंडवाला?”

मी नव्या कुंपणाकडे बघितलं.

“त्याने माझा गुलाब ओल्या पोत्यात ठेवला होता. बाजूवालीने सांगितलं.” आजींनी मान हलवली. “त्याला काय माहीत बिचाऱ्याला. त्याला काठ्याच दिसल्या असतील. नकळत केलं त्याचं पाप लागत नाही. शांती चिडलीय, ती पोरगी भांडणारच. पण मी त्याच्यावर रागावलेली नाही, सांग त्याला.”

मग त्या म्हणाल्या, “तू असतीस ना तिथे, तर असं झालं नसतं.”

मी चहा प्यायले आणि घरी आले.

११. नुकसान भरून निघण्यासारखं आहे का? (हो / नाही)

(दहावा प्रश्न नंतर. फोन लागत नाहीये.)

गुंजन म्हणते हो. गुंजन माझी रूममेट, कॉलेजपासूनची. इथे पीएचडी करते. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहितेय आणि ती पोहे करतेय.

“नव्या झंड्या आणून दे. नवी पूजा कर. विषय संपला.”

“नवरा कुठून आणू?”

“इरा, तू काय होतीस तिथे? ऑफिशियल हिंदू? एक फोन करायचा होतास म्हातारीला.”

“सुचलं नाही.”

“सुचलं नाही की कमीपणा वाटला?”

ती असं बरोबर जागी बोट ठेवते. फोन केला असता तर मला विचारावं लागलं असतं, आणि विचारलं असतं तर मला माहीत नाही हे कळलं असतं. योलांदाने मला पाठवलंच होतं ते मला माहीत आहे म्हणून.

“ठीक आहे, चूक झाली,” गुंजन म्हणाली. “आता डोकं वापर. मारेक युरोपियन आहे. त्याला परमिट लागत नाही. त्याला उद्या दुसरीकडे काम मिळेल. तुझ्या बुधवारच्या मीटिंगमध्ये ‘धार्मिक वस्तू नदीत टाकल्या’ असं लिहिलेला कागद टेबलावर असेल. कोण वाढवेल तुझा करार?”

“आणि आजींना प्रत जाणार.”

“बघ. त्यांनी त्या माणसाला माफ केलंय. त्यांनाही बरं वाटतंय तसं मानून. तू खरं सांगून नक्की कुणाचं भलं करणारेस?”

मी ताटली पुढे केली. पोहे चांगले झाले होते, आणि मी दोनदा घेतले याची मला लाज वाटली.

१०. कामगाराचं म्हणणं

चार वाजता फोन लागला.

“मारेक, मी इरावती. कुंपणवाली.”

“हो मॅडम.”

“तू कुठे आहेस?”

“टिलबर्ग. मावसभावाचा सोफा. सोफा लहान, मावसभाऊ मोठा.”

शुक्रवारी संध्याकाळीच एजन्सीने त्याला काढलं होतं. कुठल्याही फॉर्मची वाट न बघता. शनिवारी दुपारपर्यंत खाट रिकामी करायला सांगितली. भाडेकरूच्या धर्माचा अपमान, असा शेरा त्याच्या नावापुढे आहे. त्या एजन्सीच्या कुठल्याच कामावर आता त्याला घेणार नाहीत, आणि दुसऱ्या एजन्सीही विचारतात.

“तू सांगितलं नाहीस का त्यांना? मी म्हटलं होतं म्हणून?”

“सांगितलं. ते हसले. म्हणाले, ती इंडियन मुलगी असं सांगेल?” तो खोकला. “मॅडम, माझ्या गावात रस्त्यावर क्रॉस असतो. त्याला कुणी हात लावला तर पाद्री काठी घेऊन येतो. मला माहीत आहे या गोष्टी. म्हणून मी विचारलं.”

“दोनदा.”

“दोनदा.”

“मी फॉर्म भरतेय. उद्या द्यायचाय.”

त्याने पलीकडे टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाला, “तुम्ही लिहिलं तर ते मला फोन करतील. नाही लिहिलं तर नाही करणार. बाकी मला काही म्हणायचं नाही. म्हातारी रडली का?”

“नाही.”

“वाईट,” मारेक म्हणाला.

७. काढायला कोणी सांगितलं? (दुसरा प्रयत्न)

‘जागेवरील संवादात भाषेमुळे गैरसमज झाला असण्याची शक्यता…’

खोडलं.

७. (तिसरा)

‘मी सर्वसाधारणपणे असं म्हणाले असण्याची…’

खोडलं.

७. (चौथा)

मी सांगितलं. मारेकने दोनदा विचारलं, भाडेकरूला फोन करू असंही सुचवलं. मी नको म्हटलं. त्या वस्तू काढून पाण्यात सोडायच्या असतात असं मी त्याला सांगितलं. ते चुकीचं होतं. काठ्या मी कापायला लावल्या. नदीत मी सोडल्या. शुक्रवारी मला विचारलं तेव्हा मी गप्प राहिले. मारेकची यात काही चूक नाही.

डचमध्ये हे मराठीपेक्षाही आखूड झालं. यावेळी चालेल.

१२. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय कराल?

कुंपणाजवळच्या प्रत्येक वस्तूबद्दल भाडेकरूला विचारायचं. आपल्याला माहीत असलं तर आधी विचारायचं.

१३. आणखी काही (सोमवार सकाळ)

फॉर्म पाठवायच्या आधी मी सत्तावीस नंबरला गेले. कागदावर वाचून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून. सव्वाआठ वाजले होते. आजींनी दार उघडलं. अंगात जाड गाऊन, केस मोकळे. मला बघून बाजूला झाल्या, आत ये म्हणून.

मी आत गेले नाही. पायपुसण्यावर उभी राहून सांगितलं. सगळं, नदीपर्यंत.

“कापून?” त्यांनी विचारलं.

“कापून.”

“त्यांचीही?”

“सगळ्या.”

त्यांनी दाराची कड धरली. मला वाटलं पडतात की काय, मी हात पुढे केला. त्यांनी तो हलकेच बाजूला सारला.

“पाण्यात सोडताना काय म्हणालीस?”

“पुनरागमनाय च.”

“म्हणजे?”

“परत या, असं.”

त्यांनी गाऊनचा पट्टा घट्ट बांधला. मग सरनामी सोडून, मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या स्वच्छ, सावकाश डचमध्ये म्हणाल्या, “शनिवारी मी तुम्हाला विचारलं होतं.”

तुम्हाला. जसं ऑफिसच्या माणसाशी बोलतात.

“हो,” मी म्हणाले.

“तो माणूस कुठे आहे?”

“त्याला काढलं.”

“माझ्यामुळे?”

“माझ्यामुळे.”

त्यांनी दार लावलं. आपटलं नाही. आतून कडी सरकवल्याचा आवाज आला.

मी मागच्या गल्लीत आले, जिथे एकतीस बागांची दारं उघडतात. तिथेच उभं राहून फोनवरून फॉर्म पाठवला. आठ बावन्न. आठ सत्तावन्नला योलांदाचा फोन.

“इरावती, मी सातवा प्रश्न वाचला. तो तुला नक्की असाच ठेवायचाय? अजून मी पुढे पाठवलेला नाही. पाठवला की मला काही करता येणार नाही.”

“असाच.”

“बुधवारी तुझी मीटिंग आहे.”

“माहीत आहे.”

“मग मीटिंगनंतर बोलू या. तोपर्यंत मी हा…”

“तोपर्यंत नको,” मी म्हणाले. “एजन्सीला आत्ता पाठव. मारेकच्या नावापुढे शेरा आहे.”

“ते त्यांचं त्यांचं बघतील.”

“त्यांनी बघितलंय. योलांदा, तू पाठव. मी फोन ठेवत नाही.”

पलीकडून कीबोर्डचा आवाज येत नव्हता. गल्लीच्या टोकाला आमची गाडी येऊन थांबली. मारेकच्या जागी पाठवलेला नवा माणूस खाली उतरला आणि एकोणतीस नंबरच्या खांबावर मी शुक्रवारीच बांधलेली हिरवी फीत बघून काम सुरू करू का, असं त्याने हातानेच विचारलं. मी फोन कानाला धरूनच तळहात वर केला: थांब.

“इरावती?” योलांदा म्हणाली. “आहेस का?”

“आहे,” मी म्हणाले. “पाठवलास?”